काळा गोळा आणि त्याच्यामागची हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या बातम्यांत हल्ली कमाल तापमानाच्या जोडीला 'डब्ल्यूबीजीटी' (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, म्हणजे ऊन, दमटपणा आणि वारा मिळून माणसाला उष्णता किती बाधेल याचे माप) हा आकडा अधूनमधून दिसू लागला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोजणीला वापरलेल्या काळ्या गोळ्याचा व्यास किती होता आणि त्या वेळी गोळ्यापाशी वारा किती होता, हे सोबत छापलेले नसते. अभियांत्रिकीच्या प्रकल्प अहवालांतही तीच गत. पत्र्याच्या शेडमध्ये काळा केलेला पिंगपाँगचा चेंडू टांगायचा, मिळेल ते सूत्र उचलायचे आणि दशांशाच्या दोन घरांपर्यंत उत्तर द्यायचे. त्या चेंडूभोवतीची हवा नेमकी कशी वाहते, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि आकडा नेमका तिथेच बिघडतो. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी उपकरणाची ओळख. ग्लोब थर्मामीटर म्हणजे पातळ तांब्याचा पोकळ गोळा, व्यास 150 मिलिमीटर म्हणजे सहा इंच, बाहेरून चकाकी नसलेला काळा रंग आणि बरोबर मध्यभागी तापमापकाचे टोक. इंग्लंडमध्ये व्हर्नन यांनी 1930 च्या सुमारास तो वापरात आणला. पुढे 1957 मध्ये याग्लू आणि मिनार्ड यांनी अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणातले उष्माघात आटोक्यात आणण्यासाठी डब्ल्यूबीजीटीची मांडणी केली. उघड्यावर ओल्या बल्बच्या (ओली वात गुंडाळलेल्या तापमापकाच्या) तापमानाचे 0.7, गोळ्याच्या तापमानाचे 0.2 आणि हवेच्या तापमानाचे 0.1 धरून बेरीज करायची. छताखाली 0.7 तसेच ठेवून गोळ्याचे 0.3 धरायचे. ऊन, तापलेला पत्रा, भट्टी यांच्याकडून येणारे प्रारण गोळा शोषतो आणि भोवतालच्या हवेला उष्णता देत एका तापमानावर स्थिरावतो. म्हणजे गोळ्याचा आकडा हा दोन गोष्टींचा तह असतो. प्रारण त्याला वर ओढते, हवा खाली. यातली हवेची बाजू दिसायला साधी, पण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

थंड गोळ्यावरून वारा गेला की काय होते, हे बऱ्यापैकी पक्के ठाऊक आहे. वेग आणि व्यास यांच्या गुणाकाराला हवेच्या श्यानतेने, म्हणजे चिकटपणाने (घनतेने भागलेल्या) भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो. तो विशीच्या पुढे गेला की हवा गोळ्याची पाठ सोडते आणि मागे बांगडीसारखा एक भोवरा बसून राहतो. सुमारे 210 पर्यंत ही बांगडी सगळीकडून सारखी असते. त्यापुढे ती एका बाजूला कलते, आणि 270-280 च्या पुढे मागून केसात खोवायच्या आकड्यासारखे भोवरे सुटू लागतात. गोळ्यामागच्या या सगळ्या पट्ट्याला अभियंते 'वेक' म्हणतात. आपण तोच शब्द ठेवू.

आता गोळा तापवा. त्याला चिकटलेली हवा गरम होऊन हलकी होते आणि प्लावक बल तिला वर ढकलू लागते. वारा सांगतो एका दिशेला जा, प्लावक बल सांगते वर जा. कुणाचे चालणार हे ठरवायला रिचर्डसन अंक आहे. गुरुत्वत्वरण, हवेचा प्रसरणांक, तापमानातला फरक आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला वेगाच्या वर्गाने भागायचे. उत्तर 0.1 च्या खाली असेल तर वाऱ्याचे राज्य, 10 च्या वर असेल तर प्लावक बलाचे. मधल्या पट्ट्यात दोघांचे भांडण.

हा अंक लक्षात ठेवायला जड वाटतो, म्हणून त्याची सोपी चाल सांगतो. प्रत्येक तापलेल्या गोळ्याला स्वतःचा एक वारा असतो. 9.81 गुणिले व्यास (मीटरमध्ये) गुणिले गोळा व हवा यांच्या तापमानातला फरक, भागिले दोघांचे सरासरी तापमान (केल्व्हिनमध्ये), आणि या सगळ्याचे वर्गमूळ. भर उन्हात 150 मिलिमीटरचा गोळा हवेपेक्षा 15 अंशांनी जास्त तापला असेल आणि सरासरी 50 अंश सेल्सिअस म्हणजे 323 केल्व्हिन धरली, तर उत्तर येते सेकंदाला 0.26 मीटर. बाहेरचा वारा याच्या आसपास असेल तर रिचर्डसन अंक 1 च्या जवळ. वारा 1 मीटर असेल तर अंक 0.07, गोळ्याचा स्वतःचा वारा विसरलात तरी चालेल. वारा 0.1 मीटर असेल तर अंक 7 च्या आसपास, मग बाहेरचा वारा हाच पाहुणा. पत्र्याच्या शेडमध्ये फरक 4 अंशांचाच असतो, तिथे गोळ्याचा स्वतःचा वारा 0.14 मीटर निघतो. बंद खोलीतली हवा साधारण एवढ्याच वेगाने हलत असते. म्हणजे छताखालची बरीचशी मोजणी या भांडणाच्या पट्ट्यातच होते.

भांडणाचा निकाल दिशेवर ठरतो, आणि सूत्र वापरणारे हेच विसरतात.

वारा खालून वर येत असेल तर तो साथीचा. गोळ्याभोवतीची गरम हवा धुराड्यातल्यासारखी वर खेचली जाते, पृष्ठभागालगतच्या थराला जोर मिळतो आणि पाठ सोडण्याची जागा मागे सरकते. बांगडीचा भोवरा आखडतो आणि प्लावक बल पुरेसे वाढले की नाहीसाच होतो. मागे उरतो एक अरुंद, वेगाने वर जाणारा गरम झोत. गोळा नुसत्या वाऱ्यात होईल त्यापेक्षा लवकर थंड होतो.

वारा आडवा असेल तर वेक वर वाकतो. भोवरे सुटतात, पण ते सरळ मागे न जाता मागे आणि वर जातात. वरच्या आणि खालच्या बाजूची सममिती मोडते. गोळ्याच्या पाठीमागे, किंचित वरच्या अंगाला गरम हवेची शेपटी तयार होते. मोजणी करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की हवेचा तापमापक आणि ओला बल्ब त्या शेपटीत कधीही येता कामा नये. एकाच आडव्या पट्टीवर तिन्ही बसवलेली तयार उपकरणे मिळतात. पट्टी वाऱ्याच्या दिशेला समांतर लावली की गोळ्याची गरम हवा थेट पुढच्या बल्बवर येते. पट्टी वाऱ्याला आडवी लावा. आणि गोळ्याच्या वर तर काहीच टांगू नका.

तिसरी दिशा आपल्याकडची खास. वरून खाली येणारा वारा, म्हणजे छताचा पंखा. इथे वेक गोळ्याच्या खाली तयार होतो आणि त्यातली गरम हवा वर, म्हणजे परत गोळ्याकडे यायला धडपडते. मुळात वेकमधली हवा उलटीच फिरत असते, तिला प्लावक बलाची आणखी फूस मिळते. हवा गोळ्याची पाठ लवकर सोडते, भोवरा फुगतो. पंखा अगदी हळू असेल तर गोळ्याभोवती गरम हवेची टोपडी जमते, ती मधूनच एका बाजूने फुटून वर निसटते, पुन्हा जमते. जवळच्या तापमापकाचा आकडा त्या तालावर वरखाली होतो. मग कुणी म्हणते उपकरण बिघडले. उपकरण ठीक असते, प्रवाहच स्थिर नसतो. अशा जागी एकच वाचन न घेता दर मिनिटाला एक अशी निदान दहा वाचने घेऊन सरासरी काढावी. पंख्याच्या बरोबर मध्याखाली वारा उलट कमी असतो, पात्यांच्या टोकांकडच्या भागाखाली जास्त. गोळा आणि वायुवेगमापक यांत हातभर अंतर पडले तरी दोघे वेगळ्या हवेत असतात.

आता सूत्रांकडे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 7726 मध्ये गोळ्याकडून हवेला जाणाऱ्या उष्णतेचे दोन गुणांक दिले आहेत. स्थिर हवेसाठी: तापमानातल्या फरकाला व्यासाने भागून त्याचा पाव घात, गुणिले 1.4. वाऱ्यासाठी: वेगाचा 0.6 घात, भागिले व्यासाचा 0.4 घात, गुणिले 6.3. दोन्ही काढायचे आणि मोठा तो घ्यायचा. बहुतेक अहवालांत यातले वाऱ्याचेच सूत्र डोळे झाकून वापरलेले असते.

त्याने काय होते ते पाहा. शेडमध्ये हवा 36 अंश, 150 मिलिमीटरचा गोळा 40 अंश, रंगाची उत्सर्जकता (प्रारण सोडण्याची क्षमता, आदर्श काळ्या पृष्ठभागाची 1) 0.95. हवा स्थिर असेल तर गुणांक 3.2 वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश, आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी प्रारण तापमान निघते सुमारे 42 अंश. पण विद्यार्थ्याने पंख्याखाली उभे राहून वारा मोजला 1 मीटर, आणि गोळा होता कोपऱ्यात. आता गुणांक होतो 13.5 आणि उत्तर जवळपास 48 अंश. पत्रा तोच, गोळा तोच, सहा अंशांचा फरक नुसता चुकीच्या जागी मोजलेल्या वाऱ्याचा. या आकड्यावर छताच्या पांढऱ्या रंगाचा फायदा-तोटा ठरवला जातो.

'मोठा तो घ्या' हा नियमही सोयीचा आहे, निसर्गाचा नव्हे. उन्हातल्या 15 अंश फरकाच्या गोळ्याला दोन्ही गुणांक 0.16 मीटर वेगाला सारखे येतात, 4.4. तिथे खरे तर दोन्ही कारणे एकाच वेळी उष्णता नेत असतात. आडव्या किंवा साथीच्या वाऱ्यात दोन्ही गुणांकांचा तिसरा किंवा चौथा घात काढून बेरीज करतात आणि मग मूळ काढतात. तसे केले तर उत्तर 19 ते 26 टक्क्यांनी वाढते. पंख्याच्या विरोधी वाऱ्यात बेरजेऐवजी वजाबाकी करावी असे पाठ्यपुस्तक सांगते, पण दोन्ही सारखे झाले की वजाबाकी शून्य येते, म्हणजे गोळा हवेला उष्णता देतच नाही! तसे कधी होत नाही. फुटणारी टोपडी उष्णता घेऊन जातच असते. म्हणून या पट्ट्यात आकडेमोडीवर विसंबण्यापेक्षा पंखा बंद करून किंवा चांगला जोरात लावून मोजावे, म्हणजे कुठल्या तरी एका सूत्राच्या हद्दीत आपण नक्की असतो. कुठल्या अवस्थेत मोजले तेवढे लिहावे.

वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्रही इथे दगा देते. फिरत्या पात्यांचे किंवा वाट्यांचे मापक कमी वाऱ्यात फिरतच नाही. पडद्यावर 0.0 दिसते आणि प्रत्यक्षात 0.2-0.3 मीटर वारा असू शकतो. अशा जागी तापवलेल्या मण्याचे मापक लागते. आणि गंमत अशी की तो मणी म्हणजे आपलाच गोळा, फक्त छोटा. 3 मिलिमीटरचा मणी हवेपेक्षा 25 अंश गरम ठेवला तर त्याचा स्वतःचा वारा 0.05 मीटर भरतो. त्याच्या खालच्या वेगाला मणी बाहेरचा वारा नव्हे, स्वतःचाच वारा मोजत बसतो.

पिंगपाँगच्या चेंडूला आमचा विरोध नाही. 40 मिलिमीटरचा चेंडू, फळ्याचा काळा रंग, मध्यभागी सेन्सर, भोक नीट बुजवलेले, हे उपकरण स्वस्त आणि चपळ आहे. तांब्याच्या मोठ्या गोळ्याला स्थिरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि बरेच जण पाच मिनिटांत वाचन घेऊन मोकळे होतात. चेंडूबाबत तो धोका कमी. पण वाऱ्यात त्याचा गुणांक मोठ्या गोळ्याच्या 1.7 पट असतो, म्हणून तो हवेच्या तापमानाला जास्त चिकटून राहतो. हवा 40 अंश, वारा 1 मीटर, मोठा गोळा 52 दाखवत असेल त्या उन्हात चेंडू दाखवेल सुमारे 48.3. डब्ल्यूबीजीटीमध्ये याचा वाटा पाऊण अंश. काम थांबवायचे की चालू ठेवायचे हे ठरवणाऱ्या मर्यादा एकेका अंशाच्या फरकाने बदलतात, तिथे पाऊण अंश लहान नव्हे. आणि चूक धोक्याच्या बाजूची आहे, कारण चेंडू ऊन कमी दाखवतो. चेंडूच्या वाचनावरून आधी प्रारण तापमान काढायचे आणि मग 150 मिलिमीटरचा गोळा तिथे किती दाखवला असता ते उलट काढायचे, एवढा हिशेब केल्याशिवाय चेंडूचा आकडा सूत्रात घालू नये.

महाविद्यालयांना हे सगळे डोळ्यांनी दाखवता येते आणि त्याला महागडी सामग्री लागत नाही. 30 बाय 30 सेंटिमीटर छेदाचा, मीटरभर लांब पुठ्ठ्याचा बोगदा करा. एका बाजूला पारदर्शक पत्रा, समोरच्या आतल्या बाजूला काळा कागद. एका तोंडाशी शीतपेयाच्या नळ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गच्च भरा, दुसऱ्या तोंडाशी संगणकातला 12 व्होल्टचा पंखा हवा बाहेर ओढेल असा बसवा. आत ढकलणारा पंखा लावू नका, त्याचा पीळ थेट गोळ्यावर येतो. 40 मिलिमीटरचा पोलादी गोळा घ्या, वजन भरेल सुमारे 260 ग्रॅम. त्याला मागच्या बाजूने, वाऱ्याच्या दिशेत, 3 मिलिमीटरच्या सळईवर धरा. बाजूने तारेवर टांगला तर तारेचे स्वतःचे भोवरे वेकमध्ये मिसळतात आणि दिसते ते गोळ्याचे की तारेचे, हे कळत नाही. तोच बोगदा आडवा, उभा आणि उलटा उभा केला की आडवा, साथीचा आणि विरोधी असे तिन्ही वारे मिळतात.

धुराबाबत एक खबरदारी. उदबत्ती थेट आत धरली तर तिचा धूर स्वतःच गरम असतो आणि वर उठतो, तो प्लावक बलाचा खोटा पुरावा ठरतो. उदबत्ती बाटलीत जाळा, धूर सलाइनच्या मीटरभर नळीतून आणा, तोवर तो निवतो. धुराचा पुंजका 60 सेंटिमीटर अंतर 3 सेकंदांत कापेल असा पंखा मंद करा, म्हणजे वेग 0.2 मीटर.

आधी थंड गोळा. रेनॉल्ड्स अंक 500 च्या आसपास, मागे सव्वा सेकंदाच्या अंतराने भोवरे सुटताना दिसतील. मग गोळा उकळत्या पाण्यातून काढून कोरडा पुसून बसवा. ओला राहिला तर बाष्पीभवनात उष्णता जाते आणि सगळा हिशेब फसतो. 60 अंशांच्या फरकाला गोळ्याचा स्वतःचा वारा 0.27 मीटर होतो, रिचर्डसन अंक 1.8. धुराची शेपटी वर वळलेली स्पष्ट दिसते, बोगदा उलटा केला की टोपडी दिसते. पोलादात उष्णता भरपूर साठते, मंद हवेत दहा मिनिटांत फरक दहा-बारा अंशांनीच उतरतो, तेवढ्यात तिन्ही प्रयोग बसतात.

एक बारकावा परीक्षेत विचारण्याजोगा. तापलेल्या गोळ्याजवळची हवा हलकी होते तशी ती जास्त चिवटही होते, कारण वायूची श्यानता तापमानाबरोबर वाढते. म्हणून प्लावक बल बाजूला ठेवले तरी गरम गोळ्याचा वेक थंड गोळ्याच्या वेकपेक्षा थोडा शांत असतो. पाण्यात उलटे. 20 अंशांचे पाणी 60 अंशांवर नेले तर त्याची श्यानता निम्म्याहून खाली येते. हवेतला निष्कर्ष पाण्यात तसाच उचलला की फसगत होते, आणि 4 अंशांच्या खालच्या पाण्यात तर प्लावक बलाची दिशाच फिरते.

आपल्या वार्ताहरांना विनंती एवढीच, की डब्ल्यूबीजीटीचा आकडा देणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात आणि त्या कंसात छापाव्यात: गोळ्याचा व्यास, गोळ्यापाशी मोजलेला वारा आणि तो कशाने मोजला, जमिनीपासूनची उंची (उभ्याने काम करणाऱ्यासाठी पोटाच्या पातळीला 1.1 मीटर), आणि वाचनाआधी गोळा किती मिनिटे जागेवर होता. छपाईत फार तर एक ओळ वाढेल.

आपले,
यंत्र अभियांत्रिकीचे दोन अध्यापक, नागपूर